सिस्टर, कोणतं नाव लावू?

कॅथलिक धर्मभगिनींच्या दप्तरात काम करायला लागलं की एक गोष्ट लवकर कळते. इथे एका बाईला तीन नावं असणं ही किमान पातळी आहे. एक बाप्तिस्म्याचं, एक घरात हाक मारायचं आणि एक व्रतस्थ होताना मिळालेलं. शिवाय शाळेच्या दाखल्यावरचं निराळं, पेन्शनच्या कागदावरचं निराळं आणि युरोपातल्या मुख्यालयाला गेलेल्या पत्रात फ्रेंच किंवा लॅटिन वळणाचं आणखी एक. मी नोकरीभर कॉलेजच्या ग्रंथालयात होते. लेखकाचं नाव कोणत्या अक्षराखाली लावायचं या वादात आमच्या पेशाची निम्मी हयात जाते. त्यामुळे निवृत्तीनंतर एका धर्मभगिनी संघाने प्रांतिक मठातलं जुनं दप्तर लावून द्याल का असं विचारलं, तेव्हा पुढे काय वाढून ठेवलंय याची थोडी कल्पना असूनच मी हो म्हटलं. संघाचं नाव इथे देत नाही. त्या कपाटांतले बरेच कागद हयात माणसांचे आहेत.

नवं नाव मिळण्याची रीत जुनी. मुलगी मठात आली, उमेदवारीचा काळ सरला, की एका प्रार्थनाविधीत तिला झगा आणि शिरोवस्त्र मिळे आणि त्याच वेळी नवं नाव पुकारलं जाई. काही संघांत तिची आवडनिवड आधी विचारत, काहींत विचारत नसत. एकाच नावाच्या दोघी एका वेळी नकोत, असा बहुतेक ठिकाणचा दंडक. मदर तेरेसांची हकिकत अनेकांना ठाऊक असेल. स्कोप्येच्या अ‍ॅग्नेस गोंजा बोयाजिउ लोरेटो संघात आल्या तेव्हा त्यांना लिझ्यूच्या संत तेरेझचं नाव हवं होतं. पण फ्रेंच वळणाचं ते नाव दुसऱ्या एका सिस्टरने आधीच घेतलेलं, म्हणून यांनी स्पॅनिश वळणाचं 'तेरेसा' घेतलं. जगभर पोचलेल्या नावामागे घोळ टाळण्याची ही एवढी साधी सोय आहे. अशी सोय नसली की नावाला शेपूट लागे: ऑफ द सेक्रेड हार्ट, ऑफ द होली क्रॉस, ऑफ द पॅशन. १८७७ साली उटकमंडला फ्रान्सिस्कन मिशनरीज ऑफ मेरी हा संघ स्थापणाऱ्या एलेन द शापोतँ या फ्रेंच बाई सगळीकडे 'मेरी ऑफ द पॅशन' म्हणून ओळखल्या जातात. १८६८ साली अपोस्टॉलिक कार्मेल स्थापणाऱ्या मदर व्हेरोनिका, माहेरच्या सोफी लीव्ह्ज, याही 'ऑफ द पॅशन'च. अनुक्रमणिकेत नुसतं 'पॅशन' शोधायला जावं तर दोघी शेजारी येऊन उभ्या राहतात.

या दोघी थोर, त्यांची चरित्रं छापलेली आहेत, त्यांना कुणी हरवू शकत नाही. हरवतात त्या स्वयंपाकघरात, दवाखान्यात, बालवाडीत आयुष्य घालवलेल्या. सिस्टर वारली की तिचं नाव मोकळं होई आणि काही वर्षांनी पुढच्या तुकडीतल्या कुणाला तरी मिळे. माझ्यासमोरच्या वह्यांत १९२० च्या सुमाराला एक इग्नेशियस सिस्टर मठाच्या कोंबड्या आणि भाजीचा मळा सांभाळतात, आणि १९५० नंतर इग्नेशियस सिस्टर हायस्कूलच्या मुख्याध्यापिका म्हणून शिक्षण खात्याशी खणखणीत इंग्रजीत भांडतात. वाचणाऱ्याला वाटावं, काय प्रगती केली बाईंनी! पहिल्या सिस्टर मधल्या काळात क्षयाने गेल्या होत्या. त्यांच्या मृत्यूची नोंद मठाच्या स्मरणवहीत आहे, पण ती वही जेवणघरात रोज वाचून दाखवण्यासाठी केलेली. आज कोणाचा स्मृतिदिन एवढंच तिला हवं असतं, म्हणून तारीख आणि महिना आहे, साल नाही. त्यात इग्नेशियस, अलॉयशियस, झेवियर ही पुरुष संतांची नावं बायकांनी घेण्यात त्या जगात कुणाला काही वावगं वाटत नाही. माझ्याआधी तिथे कधीतरी संगणकावर यादी करून घेतली होती, तीत या सगळ्यांपुढे 'पुरुष' असं भरलेलं होतं.

संक्षेपांची तर वेगळीच गंमत. इंग्रजी कागदावर 'एफआर' ही अक्षरं दिसली की आपण 'फादर' वाचतो. लॅटिन, फ्रेंच किंवा इटालियन कागदावर तीच अक्षरं 'फ्रातेर' किंवा 'फ्रेर', म्हणजे ब्रदर. फादर लॅटिनमध्ये 'पातेर', म्हणून त्यांच्या नावाआधी 'पी'. युरोपीय मिशनऱ्यांच्या दप्तरात हे भेद न कळता इंग्रजी यादी केली की सुतारकाम करणारे ब्रदर परस्पर धर्मगुरू होतात. बायकांच्या बाजूला 'एम' हे अक्षर असंच उपद्रवी. ते मदर असतं, मेरी असतं आणि फ्रेंचमध्ये मेरही असतं. 'एम. एम. जोसेफ' म्हणजे मदर मेरी जोसेफ. पण त्याच बाई सुपीरियर होण्याआधी सिस्टर मेरी जोसेफ होत्या, तेव्हा त्यांच्यापुढे एकच 'एम' आहे. अशा दोन सह्या दोन व्यक्तींच्या समजून दोन फायलींत गेलेल्या मी पाहिल्या. त्या एका ठिकाणी आणायला हस्ताक्षर उपयोगी पडलं: 'जे'च्या पोटातली गाठ दोन्हीकडे सारखीच उलटी होती.

येशूसंघीय फादर नवं नाव घेत नाहीत. तिथे सोपं असेल असं कुणाला वाटलं तर त्याने आपल्याच फादर स्टीफन्सकडे पाहावं. १५७९ साली गोव्यात उतरलेला हा इंग्रज, 'क्रिस्तपुराण' लिहून मराठीत अजरामर झाला. इंग्रजीत तो कुठे स्टीफन्स, कुठे स्टीव्हन्स. पोर्तुगीजांनी त्याला पाद्री एस्तेव्हांव केला, आणि त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली रायतूरला छापलेल्या कोंकणी व्याकरणावर तो थोमाझ एस्तेव्हांव आहे. याखेरीज जुन्या ग्रंथसूचींत तो बस्टन, बुस्टन, बबस्टन अशाही नावांनी सापडतो. विल्टशरमधल्या बुश्टन या त्याच्या जन्मगावाच्या नावाची ही वेडीवाकडी रूपं. म्हणजे 'स्टीफन्स' एवढंच धरून बसणारा अभ्यासक निम्म्या सूचींतून रिकाम्या हाताने परत येतो. वसईचे संत गोन्सालो गार्सिया फ्रान्सिस्कन संघाचे. १५९७ साली नागासाकीला त्यांना क्रुसावर मारलं, १८६२ साली संतपद मिळालं. आपल्याकडे कॉलेजच्या पाटीवर ते गोन्सालो आहेत, लॅटिन कागदांत गुंडिसाल्वुस. लॅटिन रूप पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा वसईकर आहे हे सांगूनही पटायचं नाही.

अलीकडच्या काळातही हेच. १९०३ साली 'निरोप्या' मासिक सुरू करणारे आणि १९०७ मध्ये पुण्याचे बिशप झालेले जर्मन येशूसंघीय हाइनरिश डोरिंग हे इंग्रजी पत्रव्यवहारात हेन्री होतात. त्यांच्या आडनावातल्या 'ओ'वरचे दोन ठिपके इथल्या टाइपरायटरवर नसल्यामुळे कधी 'ओ'पुढे 'ई' लागतो, कधी नुसता 'ओ' उरतो. देवनागरीत ज्याने जसं ऐकलं तसं. मुंबईच्या सेंट झेवियर्समधले इतिहासकार फादर हेरास हे कातालान, म्हणून एन्रिक. स्पॅनिशमध्ये एन्रिके, लॅटिन यादीत हेन्रिकुस, आणि १९२२ मध्ये मुंबईत आल्यावर आपल्या सगळ्यांचे हेन्री. या बाबतीत मला वनस्पतिशास्त्रवाल्यांचा हेवा वाटतो. त्याच कॉलेजातले फादर ब्लॅटर आणि फादर सांतापाव हे दोघे येशूसंघीय वनस्पतिशास्त्रज्ञ. वनस्पतीचं नाव देणाऱ्याचं नाव कसं लिहायचं हे त्या शास्त्राने ठरवून टाकलंय, त्यामुळे जगाच्या पाठीवर कुठल्याही हर्बेरियममध्ये त्यांची ओळख एकाच रूपात भेटते. संत्र्याच्या झाडाला जमलं ते संतांच्या लेकरांना जमू नये, असं मी एकदा म्हटलं तेव्हा दप्तराची जबाबदारी असलेल्या सिस्टर मनापासून हसल्या होत्या.

आडनावांबद्दल लिहायला बसलं तर हा लेख तिथेच संपेल. डिसोजा, डिसोझा, दसोझा, डी सूझा. पोर्तुगालमध्ये १९११ ला शुद्धलेखन बदललं तेव्हा 'झेड'चा 'एस' झाला. मुंबईत राहणाऱ्या गोवेकरांनी जुनं रूप सोडलं नाही. वसईत गोन्साल्विस आणि घोन्साल्विस एकाच आळीत. पोर्तुगीज पद्धतीने 'दे' सोडून 'सौझा'पासून सूची लागते, मुंबईत 'डी'खाली. सख्ख्या बहिणी दोन वेगळ्या संघांत गेल्या आणि दोघींची आडनावं कायमची निराळी झाली, अशी उदाहरणं ख्रिस्ती घरांत शोधायला लांब जावं लागत नाही. केरळहून आलेल्या सिस्टरांचं आडनाव म्हणजे घराण्याचं नाव. आपल्याकडच्या शाळेत ते आद्याक्षरात आखडून जातं आणि मग पन्नास वर्षांनी त्या आद्याक्षराचं पूर्ण रूप सांगणारं कुणी उरत नाही.

बाप्तिस्म्याचं नाव आणि मठातलं नाव यांना जोडणारा सगळ्यांत पक्का दुवा कुठे मिळतो, तर मठात नाही, धर्मग्रामाच्या चर्चमध्ये. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत प्रत्येक नावाशेजारी रुंद समास सोडलेला असतो. त्या माणसाचं दृढीकरण, लग्न, याजकीय दीक्षा हे सगळं पुढे त्या समासात चढवायचं अशी चर्चच्या कायद्याचीच आज्ञा आहे. मुलगी जगात कुठेही व्रतस्थ झाली तरी तिच्या जन्मगावच्या चर्चला कळवायचं आणि तिथल्या फादरांनी समासात दोन ओळी लिहायच्या. अशी एक ओळ मी वसईकडच्या एका वहीत पाहिली: वर काळ्या शाईत लॅटिनमधलं बाळाचं नाव, आईबापांची नावं, गॉडमदरचं नाव, आणि डाव्या समासात तीसेक वर्षांनी निळ्या बॉलपेनने, जागा पुरत नाही म्हणून उभं फिरवून लिहिलेलं मठातलं नाव, संघाची आद्याक्षरं आणि तारीख. आमच्याकडची एक बेवारस फाइल त्या उभ्या ओळीने घरी पोचवली.

पण या दुव्यावरही सरसकट भिस्त ठेवता येत नाही, आणि त्याचं कारण कायद्यातच आहे. १९१७ च्या धर्मसंहितेत बाप्तिस्म्याच्या वहीत फक्त 'सोलेम' म्हणजे महाव्रतांची नोंद करायला सांगितलं होतं. शाळा, दवाखाने चालवणाऱ्या बहुतेक धर्मभगिनींची व्रतं त्या वर्गात मोडत नसत, ती साधी व्रतं धरली जात. १९८३ च्या नव्या संहितेने 'अखंड व्रतं' असा शब्द घातला आणि मग त्या सगळ्या जणी समासात आल्या. आधीच्या काळात एखाद्या फादरांनी स्वतःहून लिहिलं तर लिहिलं. त्यामुळे जुन्या सिस्टरच्या नावापुढे समास कोरा दिसला तर ती मठात गेलीच नाही, असा निष्कर्ष काढू नये.

मग आलं दुसरं व्हॅटिकन धर्मसंमेलन. ऑक्टोबर १९६५ मध्ये व्रतस्थ जीवनाच्या नूतनीकरणाचा आदेश निघाला आणि पुढच्या काही वर्षांत अनेक संघांनी सिस्टरांना मुभा दिली: हवं तर बाप्तिस्म्याचं नाव पुन्हा लावा. कुणी लावलं, कुणी नाही लावलं, कुणी अर्धं लावलं. एकाच बाकावर बसून व्रतं घेतलेल्या दोघींपैकी एक आज तिच्या आईने ठेवलेल्या नावाने ओळखली जाते आणि दुसरी कुणा इटालियन संताच्या. मी एका ऐंशी ओलांडलेल्या सिस्टरना विचारलं होतं, "सिस्टर, फाइलवर कोणतं नाव लावू?" त्या म्हणाल्या, "मॅडम, ते दुसरं नाव मी तेरा वर्षं वापरलं. वाईट नव्हतं. पण माझी आई मरेपर्यंत मला त्या नावाने हाक मारू शकली नाही. माझंच लावा." शेजारच्या खोलीतल्या सिस्टरना हाच प्रश्न विचारला तर त्यांना थोडा रागच आला. देवाने दिलेलं नाव परत कसं करायचं, असं त्यांचं म्हणणं. दोघींचंही बरोबर आहे, आणि सूचीचा कोणताही नियम असा हवा की दोघींनाही त्यात जागा मिळेल.

या नामांतराची किंमत सर्वांत जास्त चुकवली ती अनुदानित शाळांत शिकवणाऱ्यांनी. मठात नाव बदलणं एका परिपत्रकाचं काम, पण सेवापुस्तिकेत बदलायचं म्हणजे प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात, शिक्षण खात्याच्या खेपा. शिवाय आपल्याकडच्या प्रत्येक फॉर्मला नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे तीन रकाने. 'मेरी ऑफ द सेक्रेड हार्ट' या तीन रकान्यांत बसवताना कुणा कारकुनाने आडनाव 'हार्ट' लिहिलं आणि त्या बाई भविष्यनिर्वाह निधीत शेवटपर्यंत मिस हार्ट राहिल्या. मात्र याच सरकारी कागदांचे आम्हा दप्तरवाल्यांवर उपकार आहेत. 'उर्फ' हा शब्द लिहायला सरकार कधी लाजत नाही. मठाच्या कागदांत दोन नावं एका ओळीत क्वचित सापडतात, सेवापुस्तिकेच्या पहिल्या पानावर ती जोडीने उभी असतात.

सर्वांत मोठं नुकसान मात्र नीटनेटकेपणाच्या हौसेने केलेलं आहे. मठाची रोजनिशी जुनी, हाताने लिहिलेली, पानं ठिसूळ. कधीतरी कुणीतरी फार कष्टाने तिची टंकलिखित प्रत केली आणि ती करताना वाचणाऱ्यांची सोय म्हणून सगळ्यांची त्या काळात चालू असलेली नावं घातली. परिणाम असा, की १९५८ साली मुंबईहून आगगाडीने आलेल्या सिस्टर, त्यांना पुढे १९६९ मध्ये मिळालेल्या नावाने डब्यातून उतरतात. मूळ वहीची काही पानं आता वाळवीने गेली आहेत, तिथे ही प्रत हाच एकमेव आधार, आणि तिच्यातलं एकही नाव डोळे मिटून खरं मानता येत नाही. नावांत एकवाक्यता आणायची म्हणजे कागदावरचं नाव दुरुस्त करायचं, असा जो समज आहे तो मला या पेशातला सगळ्यांत घातक समज वाटतो.

आम्ही मग जे केलं ते काही नवं नाही. आंतरराष्ट्रीय अभिलेख परिषदेने व्यक्ती, कुटुंबं आणि संस्था यांच्या नावांसाठी १९९६ मध्ये मानक काढलं, २००४ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. त्याचा गाभा ग्रंथपालांना ओळखीचा आहे: एक नाव शीर्षकाला, बाकी सगळी त्याच्या पोटात, आणि प्रत्येक पोटनावापासून शीर्षकाकडे एक 'पाहा'. कागदाचं वर्णन करताना त्यावर जे लिहिलंय तेच लिहायचं, चुकीचं असलं तरी. व्यक्ती कोण हे तिच्या स्वतंत्र नोंदीत सांगायचं. शीर्षकासाठी आम्ही तिने स्वतः शेवटी वापरलेलं नाव धरलं, कारण ते निदान तिने निवडलेलं किंवा टिकवलेलं असतं. आणि ओळख पटवायला नाव न धरता व्रतनोंदवहीतला अनुक्रमांक धरला. संघात पहिलं व्रत घेतलेल्या प्रत्येकीला तो मिळतो आणि तो ना भाषांतरित होतो, ना मृत्यूनंतर दुसरीला जातो. सिस्टरांना सुरुवातीला हे तुरुंगासारखं वाटलं. मग दोन इग्नेशियस क्रमांकांनी वेगळ्या करून दाखवल्या तेव्हा विरोध मावळला. शंका असेल तिथे दोन नोंदी वेगळ्याच ठेवायच्या हेही ठरवून टाकलं. वेगळ्या राहिलेल्या नोंदी उद्या कुणीही जोडू शकतो, पण चुकून एक झालेली दोन आयुष्यं पुन्हा सोडवायला सगळे कागद नव्याने वाचावे लागतात.

गावांची आणि संस्थांची नावं हा उरलेला भाग. पूना १९७८ मध्ये पुणे झालं, बॉम्बे १९९५ मध्ये मुंबई, पण धर्मप्रांत इंग्रजीत अजूनही पूना आणि बॉम्बेच आहेत. मेरी वॉर्ड या इंग्रज बाईंच्या परंपरेतला एक संघ २००४ पर्यंत ज्या नावाने ओळखला जाई तेच नाव त्यांच्या दुसऱ्या, लोरेटो शाखेचंही होतं. २००४ मध्ये पहिलीने 'काँग्रेगात्सिओ येजू' हे नाव घेतलं. त्याआधीच्या कागदावर नुसती संघाची आद्याक्षरं असली तर शाखा कोणती ते पत्त्यावरून ठरवावं लागतं.

एक प्रश्न राहतो, त्यावर नियमपुस्तक गप्प आहे. मठ सोडून गेलेल्या बायकांचं काय? त्या आपल्या जुन्या नावाकडे परतल्या, काहींची लग्नं झाली, आडनाव पुन्हा बदललं. सूचीशास्त्राप्रमाणे सगळी नावं एका शीर्षकाखाली यायला हवीत. मी ती आणली नाहीत. त्यांची फाइल मठातल्या नावाने आणि क्रमांकाने आहे, पुढचं नाव बंद पाकिटात आहे आणि ते कुणाला दाखवायचं हे प्रांतप्रमुख ठरवतात. माझ्या पेशाच्या कसोटीवर ही अपुरी नोंद आहे. ती तशीच ठेवावी या मताची मी आहे.

वाचकांपैकी ज्यांच्या घरातली मावशी, आत्या किंवा आजीची बहीण सिस्टर झाली, त्यांना एक विनंती. तिचे जुने फोटो, पत्रं, व्रतविधीची छापील आमंत्रणं घरात असतील. फोटोच्या पाठीमागे तिचं बाप्तिस्म्याचं नाव, मठातलं नाव, संघाचं नाव आणि अंदाजे साल एवढं लिहून ठेवा. घरात तिला काय म्हणत तेही लिहा, कारण पत्रांखाली ती बहुधा त्याच नावाने सही करते. आणि शाई वापरू नका, ती पुढच्या बाजूला उतरते. मऊ शिसाची पेन्सिल घ्या.